मुंबईत नव्याने आलात? मुलांना घेऊन शनिवार-रविवार असा आखा

बदली झाली, नोकरी लागली, घर लागलं, मुलांची शाळाही ठरली. मग पहिला मोकळा रविवार उजाडतो आणि मुलं विचारतात, "आज कुठे?" तुम्ही मोबाइल उघडता. 'मुंबईतली पाहण्यासारखी 25 ठिकाणं' अशी यादी सापडते आणि त्यातली निम्मी ठिकाणं त्या दिवशी बंद असतात, दूर असतात किंवा मुळात उरलेलीच नसतात.

आम्ही नांदेडहून कल्याणला आलो तेव्हा मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहिते. मुंबईत मुलांसाठी ठिकाणांचा तोटा नाही. दिवस बिघडतो तो रेल्वेमुळे, उशिरा निघाल्यामुळे आणि एका दिवसात तीन ठिकाणं कोंबल्यामुळे.

1. आधी लाइन बघा, मग ठिकाण

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, गाडी किती वेळा बदलावी लागते त्यावर मोजायचं. कल्याण-डोंबिवली-ठाण्याहून राणीच्या बागेचं, म्हणजे प्राणीसंग्रहालयाचं, भायखळा एका गाडीत होतं, पण बोरिवलीला जायचं तर दादरला उतरून पूल चढावा लागतो. विरार-वसईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सरळ पडतं आणि भायखळ्यासाठी त्यांना लाइन बदलावी लागते. म्हणून पहिले काही रविवार आपल्याच लाइनवरची ठिकाणं घ्या. मुलांना गर्दीची आणि तुम्हाला इंडिकेटर वाचायची सवय होईपर्यंत एवढं पुरे.

दादरला गाडी बदलणार असाल तर लक्षात ठेवा: पश्चिम रेल्वेचे फलाट 1 ते 7, मध्य रेल्वेचे 8 ते 14. डिसेंबर 2023 पर्यंत दोन्हीकडे एक नंबरपासूनच मोजायचे. त्यामुळे जुन्या नातेवाइकांनी "तीन नंबरला ये" म्हटलं, तर कुठल्या रेल्वेचा तीन नंबर ते विचारून घ्या.

मेट्रो 3, म्हणजे आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण सुरू झाली आहे. वरळी, गिरगाव, हुतात्मा चौक ही ठिकाणं त्यामुळे बरीच जवळ आली. मुलांना घेऊन जायला ती लोकलपेक्षा सोपी आहे, लिफ्टही आहेत. फक्त दादर मेट्रो आणि दादर रेल्वे स्टेशन एकमेकांना चिकटून नाहीत, मध्ये चालावं लागतं.

रिक्षाचंही सांगते. माहीम आणि शीवच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. तिथे काळीपिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. नवी मंडळी भायखळ्याला उतरून रिक्षा शोधत उभी राहतात.

2. मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय चपला घालू नका

रविवारी रेल्वे रुळांची कामं काढते. मध्य आणि हार्बर मार्गावर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक. साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन-चार, म्हणजे नेमकी आपल्या फिरण्याची वेळ. या काळात फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, काही रद्द होतात, काही स्टेशनांवर गाडी थांबतच नाही. त्यात रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या मुळातच कमी असतात.

शनिवारच्या पेपरात ब्लॉकची चौकट छापून येते, एम-इंडिकेटर या ॲपवरही कळतं. आपल्या मार्गावर ब्लॉक असेल तर दोनच पर्याय: सकाळी नऊच्या आत पोहोचा, किंवा बेत शनिवारवर ढकला. "बघू, मिळेल एखादी गाडी" हा तिसरा पर्याय लहान मुलांसोबत चालत नाही.

तिकिटाचे नियम: पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लासचे डबे शेजारी-शेजारी असतात. फलाटावरच्या खुणा न बघता घाईत चढलात आणि तपासनीस भेटला, तर दंड भरावा लागतो. एसी लोकलचं तिकीटही वेगळं. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बायकांच्या डब्यात बसू शकतो, पण बाबांना तिथे जागा नाही. कोण कुणासोबत आणि कुठे उतरायचं, हे घरीच ठरवा.

3. बंद दिवस पाठ करा

राणीची बाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी, घारापुरी (एलिफंटा) बेटावरची लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद.

आपल्याला शनिवार-रविवारीच जायचंय, मग या यादीचा उपयोग काय, असं वाटेल. उपयोग जोडून सुट्टी आली की कळतो. सोमवारी सरकारी सुट्टी असली की लोक म्हणतात, रविवारी गर्दी, आपण सोमवारी जाऊ. आणि उद्यानाच्या बंद फाटकासमोर उभे राहतात. सोमवारच्या सुट्टीला राणीची बाग घ्या, वरळीचं विज्ञान केंद्र घ्या.

आता न उरलेल्या गोष्टी. एस्सेल वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान 2022 मध्ये बंद झालं. शेजारचं वॉटर किंग्डम वेगळं, ते त्याबरोबर बंद झालं नाही. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे. खुल्या छताची नीलांबरी बस ऑक्टोबर 2024 मध्ये थांबली. बोरिवलीच्या उद्यानातली वनराणी ही छोटी गाडी मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर बंद पडली होती. तिचं आमिष मुलांना दाखवण्याआधी त्या दिवशी ती चालू आहे का, हे विचारून घ्या. जुन्या याद्यांमध्ये हे सगळं अजून दिमाखात नांदतंय.

4. पिशवीत काय हवं

- मोठ्यांचं ओळखपत्र आणि मुलांचं आधार. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आठवीतला उंच मुलगा असेल तर वय दाखवावं लागतं.
- मोबाइलमध्ये रेल्वे तिकिटाचं रेलवन ॲप आणि एम-इंडिकेटर. ऑनलाइन काढलेल्या तिकिटांचे स्क्रीनशॉट, कारण गर्दीत नेट गडगडतं.
- स्टीलच्या बाटल्या. बागांमध्ये आणि उद्यानात प्लास्टिकवरून फाटकाशीच अडवतात.
- दशम्या, थालीपीठ, केळी, काहीही पोटभरीचं. आत मिळतं ते महाग आणि तिखट.
- एक जादा कपड्यांचा जोड, टोपी, आणि जून ते सप्टेंबर छत्री नव्हे, रेनकोट.
- सुट्टे पैसे. स्वच्छतागृह, घारापुरी बेटावरचा कर, तिथल्या छोट्या गाडीचं तिकीट, सगळीकडे लागतात.

बाबागाडी घरी ठेवा. स्टेशनचे पूल, जिने आणि फुटपाथ बघता तीच तुम्हाला उचलावी लागेल. मूल अंगाशी बांधायची पिशवी बरी.

5. पहिला रविवार: राणीची बाग

नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणीसंग्रहालय, पण टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हणा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की चालत जाता येतं. हीच जागा मी पहिल्यांदा का सुचवते? स्वस्त आहे, सावली आहे, स्टेशन जवळ आहे आणि मुलं कंटाळली तर अर्ध्या तासात परतीच्या गाडीत बसता येतं. 2017 मध्ये तिकिटाचे दर वाढले, तेव्हा आई-वडील आणि 15 वर्षांपर्यंतची दोन मुलं अशा चौघांचं मिळून 100 रुपये ठरले. त्याआधी इतकं स्वस्त होतं, की जुने मुंबईकर अजूनही या 100 रुपयांवर कुरकुरतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

रविवारी साडेनऊला फाटक उघडतं तेव्हा हजर राहा. तिकीट शक्यतो ऑनलाइन काढा. आत गेल्यावर सगळे आधी पिंजऱ्यांकडे पळतात. तुम्ही सरळ पेंग्विनकडे चला. दक्षिण कोरियातून 2016 मध्ये आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मार्च 2017 पासून लोकांना बघता येतात आणि दुपारी त्यांच्यासाठी रांग बाहेरपर्यंत येते. सकाळी काचेजवळ उभं राहायला मिळतं. आत पाण्यात एक पेंग्विन सुळकन जातो, बाहेर काचेवर नाक टेकवलेली पोरं त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे सरकतात, काच त्यांच्या श्वासानं धुरकट होते आणि मागून कुणाची तरी आई म्हणते, "पुसू नको बाळा, पुढे चल." हे दृश्य दुपारी दिसत नाही, दुपारी फक्त समोरच्याची पाठ दिसते.

त्यानंतर वाघ, अस्वल, मगरी, आणि आत चालत जाता येईल असं पक्ष्यांचं मोठं दालन. झाडांवरच्या पाट्याही वाचा. ही बाग एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि खरं सांगायचं तर मला प्राण्यांपेक्षा तिथली झाडंच जास्त आवडतात. दुपारी चारनंतर पोहोचण्यात अर्थ नाही, तिकीटखिडकी लवकर बंद होते.

शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 पासून या इमारतीत आहे. जुन्या मुंबईतल्या लोकांच्या, व्यवसायांच्या मातीच्या छोट्या मूर्ती मुलं टक लावून बघतात. संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. तो घारापुरी बेटावरून आणलेला. मुलांना नीट दाखवून ठेवा, पुढच्या सहलीला उपयोगी पडेल.

6. वरळीचे दोन नेहरू

नेहरू विज्ञान केंद्र वेगळं, नेहरू तारांगण वेगळं. दोन्ही वरळीत, दोन्हींची नावं सारखी, टॅक्सीवाला सवयीनं एकीकडे सोडतो आणि तिकीट असतं दुसरीकडचं. विज्ञान केंद्र डॉ. ई. मोझेस मार्गावर आहे. तारांगण ॲनी बेझंट मार्गावर, नेहरू सेंटरच्या आवारात.

विज्ञान केंद्रासाठी मेट्रो 3 चं 'विज्ञान केंद्र' हेच स्टेशन. 1985 मध्ये सुरू झालेली ही जागा पाच ते पंधरा वयासाठी उत्तम. हात लावून, चाक फिरवून, दोरी ओढून बघायच्या गोष्टी भरपूर. बाहेरच्या बागेतली उपकरणं ऊन चढायच्या आत उरका, आतली दालनं दुपारी बघा. थ्रीडी वगैरे खेळांची तिकिटं प्रवेशाच्या तिकिटात धरलेली नसतात, खिडकीवर एकदम विचारून घ्या. एकाच दिवशी दोन्ही नेहरू करू नका. तारांगणाच्या अंधारात थकलेलं मूल झोपतं आणि तिकीट वाया जातं. तारांगणाचे खेळ वेगवेगळ्या भाषांत असतात. मराठी खेळाची वेळ आणि अगदी लहान मुलांना आत सोडतात का, हे फोन करून विचारा.

पैसे थोडे जास्त खर्च करायची तयारी असेल तर लोअर परळला 2023 मध्ये सुरू झालेलं म्युझियम ऑफ सोल्युशन्स आहे. मुलांना स्वतःच्या हातानं काही बनवायला देतात. तिकीट आधी काढा.

7. घारापुरी, आणि नाहीतर कान्हेरी

गेटवेहून लाँच सुटतात, पहिली साधारण नऊच्या सुमारास, पोहोचायला तासभर. तिकीट अधिकृत खिडकीवरच घ्या. गेटवेच्या आसपास जे हाक मारतात, त्यातले काही नुसत्या बंदरातल्या अर्ध्या तासाच्या फेरीचं तिकीट विकतात. "घारापुरीला उतरवणार ना? परतीचं धरून ना?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आपण परत येईपर्यंत तिकीट जपा.

डिसेंबर 2024 मध्ये या मार्गावर मोठी बोट दुर्घटना झाली, त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट मिळतं, पण मोठ्यांच्या मापाचं. लेकराच्या अंगात ते कानापर्यंत येतं. लहान मापाचं मागा, पट्टे स्वतः आवळा, उकडतंय म्हणून काढू देऊ नका.

बेटावर उतरल्यावर धक्क्यावरून छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. पुढे जवळपास 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी उतरताना, असं मुलांना आधीच बजावा. माकडं धीट आहेत. हातातली बाटली, कणसाचे दाणे आणि उघडी पिशवी त्यांचीच समजा. लेण्यासाठी मोठ्यांना 40 रुपये.

मुख्य लेण्यात सगळे थेट त्रिमूर्तीपुढे जाऊन फोटो काढतात. मुलांना आधी दोन मिनिटं अंधाराला डोळे सरावू द्या. मग ती तीन मुखं हळूहळू पुढे येतात, आणि तेव्हा भायखळ्याच्या हत्तीची आठवण करून द्या. तो इथूनच गेला, म्हटल्यावर आमची धाकटी बराच वेळ त्याची जागा शोधत होती.

पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. त्या दिवसांत, किंवा समुद्राची भीती वाटत असेल तर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी करा. शंभराहून जास्त लेणी आहेत, पावसात कातळावरून पाणी वाहतं. उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं आणि लेण्यांचं 25 रुपयांचं तिकीट वेगळं, लोक इथे वैतागतात. लेणी मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतली बस पकडा, मुलांना पायी नेऊ नका. उद्यानात बिबटे राहतात, आखलेली वाट सोडू नये ही पाटी शोभेची नाही.

8. समुद्राचं वेळापत्रक

मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्यांना हा भाग नवा असतो. इथे भरती-ओहोटीची वेळ पेपरात छापतात आणि ती बघूनच चौपाटीचा बेत करायचा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी किनाऱ्याकडे फिरकू नका. हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते.

उलट, हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जीवसृष्टी उघडी पडते. मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातले जाणकार अशा वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवतात. खडकातल्या वाटीएवढ्या डबक्यात साधू खेकडा शंख पाठीवर घेऊन चाललेला असतो, समुद्रफूल जरा धक्का लागला की मिटतं. पायात पकड असलेले बूट घाला, चपला शेवाळावर सरकतात. काहीही उचलून घरी आणायचं नाही.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथून खाडीत बोट जाते. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून ती रोज बदलते आणि तिकीट आधी काढावं लागतं. बोट नाही मिळाली तर नवी मुंबईत सीवूड्सला डीपीएस तलावाच्या काठी फुकट दिसतात, पक्ष्यांची मर्जी असेल तर.

9. वर्षभरात काय कधी

*जानेवारी:* तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. दक्षिण मुंबईतले रस्ते दुपारपर्यंत बंद असतात. धावायचं नसेल तर त्या दिवशी उपनगरातच राहा.

*जानेवारीअखेर-फेब्रुवारी:* काळा घोडा कला महोत्सव, 1999 पासूनचा, नऊ दिवस चालतो. मुलांच्या कार्यशाळा बहुतेक फुकट, पण काहींना आधी नोंदणी. शनिवार सकाळ साधा. रविवार संध्याकाळी फक्त माणसं दिसतात. मुलं दमली की समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात शिरा. तिथे 2019 पासून मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

*मे आणि दिवाळीची सुट्टी:* बालनाट्यं. रविवारच्या पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान काढा आणि आपल्या लाइनवरचं नाट्यगृह बघा: ठाण्याचं गडकरी रंगायतन, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलांना याहून चांगलं काही नाही, हे माझं ठाम मत. जुहूच्या पृथ्वी थिएटरलाही उन्हाळ्यात मुलांची नाटकं असतात. तिथे उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत.

*गणपती:* लहान मुलांना घेऊन शनिवारी रात्री लालबागच्या रांगेत जाऊ नका. कुणी कितीही आग्रह करो. त्याऐवजी गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती बघा. 1893 पासूनचा, मूर्ती छोटी, चाळीचं वातावरण आणि शांतपणे हात जोडता येतात.

*सप्टेंबर:* 8 तारखेनंतरच्या रविवारपासून वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा.

*पाऊस संपल्यावर:* ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीत फुलपाखरं. फक्त रविवारी सकाळी उघडी असते. अकरानंतर गेलात तर धावतपळत बघावं लागतं.

10. अर्धाच दिवस हातात असेल तर

सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी 115 नंबरची वातानुकूलित दुमजली बस पकडा. भाडं 12 रुपयांपासून. वरच्या मजल्यावर पहिल्या सीटसाठी एक बस सोडायची तयारी ठेवा, कारण सगळ्या पोरांचा डोळा तिच्यावरच असतो. उतरून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा.

किंवा मलबार हिलला जा. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर, अजून आहे, आणि त्याच्या जवळच मार्च 2025 मध्ये झाडांच्या उंचीवरून चालायचा लाकडी मार्ग सुरू झाला. प्रवेश तासातासाच्या गटांनी, तिकीट 25 रुपये, ऑनलाइनच. शनिवार-रविवारची संध्याकाळ आधीच भरते, पण तो पहाटे पाचला उघडतो. सकाळी सातची वेळ घेतलीत तर पक्षीही दिसतात आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत घरच्या गाडीत बसायला मिळतं.